रूप सांग आणि पुढे जा

गुजरातेतल्या लिंबायतच्या आमच्या इमारतीचा जिना उतरायला मिनिटभर पुरतं. पण सोनवणे मास्तर दारात असले, तर तुम्हाला क्रियापद येईपर्यंत जेवढा वेळ लागेल तेवढा लागतो. पहिल्या मजल्यावर दारातच खुर्ची टाकून ते बसतात आणि खाली जाणाऱ्यापुढे काठी आडवी धरतात. "'येणे'. भूतकाळ, स्त्रीलिंग, अनेकवचन. रूप सांग आणि पुढे जा!"

सगळ्यांना एकच कायदा. दूधवाल्या भरवाडानं एकदा "आवी, आवी" म्हणत गुजरातीतून सटकायचा प्रयत्न केला. मास्तरांनी त्याच्याकडून 'आलो, आलास, आल्या' वदवून घेतलं, तोवर वरच्या मजल्यावर चहाचं पाणी आटून गेलं.

मी तर त्यांच्या हाताखालून गेलेला. चौथीत त्यांनीच शिकवलं. आता बेचाळीस वर्षांचा आहे, इच्छापोरला कारखान्यात तीस माणसांवर ओरडतो. तरी ती काठी दिसली की उलट्या पावली वर जातो. गच्चीवरून शेजारच्या इमारतीत जाऊन, तिथून उतरून मी कितीदा कंपनीची बस पकडली आहे!

"मास्तर काय वाघ शे का?" बायको हसते. वाघ रूपं विचारत नाही, हे तिला कोण सांगणार?

मास्तरांचा खास राग 'मी येईल'वर. आम्ही खानदेशी सर्रास असंच बोलतो. ते कानावर पडलं की मास्तर खुर्चीतून अर्धे उठतात. "येईन! 'येईल' म्हणजे दुसरा कोणीतरी. तुझ्या बदली तो येणार आहे का?"

गेल्या मंगळवारी मला उशीर झाला होता. "मास्तर, आज सोडा, संध्याकाळी येईल मी," असं बोलून गेलो आणि जीभ चावली. खांदे आवळून उभा राहिलो.

"बरं. सावकाश जा," मास्तर म्हणाले आणि त्यांनी काठी बाजूला घेतली.

सुटलो म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण मला घाम फुटला. दिवसभर कामात लक्ष लागेना.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. मास्तरीणबाईंना जाऊन पाच वर्षं झाली, मुलगी पुण्याला. मास्तर दिवा न लावता एकटेच बसले होते.

"सकाळी तुम्ही मला चुकू दिलंत," मी म्हणालो.

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "चुकलास का? मला कळलंच नाही रे."

मग हळूहळू बोलू लागले. त्यांच्या आईचंही असंच झालं होतं. आधी शब्द गेले, मग माणसं. "दोन वर्षं झाली, माझंही निसटतंय. तुम्हाला अडवायचो ना, ती तुमची परीक्षा नव्हती. तुमचं चूक की बरोबर ते मला अजून कळतंय का, हे बघायचो. मुलीला सांगू नकोस, हात जोडतो. ती मला घेऊन जाईल. तिथं मी कोणाला ओळखतो? इथं निदान जिन्यावरची माणसं तरी आहेत."

मला भडभडून आलं. भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू?

निघताना त्यांनी माझं मनगट धरलं. "उद्या सकाळी ये. मी विचारायला विसरलो, तर तू मला विचार."

"येतो," मी म्हणालो. आलो तर ओळखाल ना, एवढं विचारायचं धाडस मात्र झालं नाही.