बुलेटचं नाक

मोटारसायकलचा एअर फिल्टर तोंडाला लावून बघणारा माणूस मी एकच पाहिला, आमचे शेजारी तात्या. सात रस्ता चौकातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात ते फिल्टर उचलायचे, डोळे मिटून त्यातून श्वास ओढायचे आणि "गुदमरतंय" म्हणून परत ठेवायचे. दुकानदार वैतागायचा, "तात्या, फिल्टर हाय, बासरी न्हाय!"

तात्या कापडाच्या मिलमध्ये जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम; मी तिथंच ऑफिसात कारकून. मला ते 'क्लार्कसाहेब' म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे मला कधीच कळलं नाही. "गाडीचं पोट सगळी बगत्यात. नाक कोण बगतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

खरं तर आधी त्यांना बाजारचा फिल्टर मान्यच नव्हता. मिलच्या माणसाला वाटतं, जगातलं प्रत्येक काम कापडानं होतं. तात्यांनी बुलेटचा जुना फिल्टर फेकला आणि तिथं टॉवेलची दुहेरी घडी बांधली. "आपल्याच मागावरचा हाय! ह्यातनं धूळ काय, बातमी बी जायाची न्हाय."

धूळ गेली नाही. हवाही गेली नाही. ऐन पाळी सुटायच्या वेळी गाडी मिलच्या गेटसमोर बंद पडली. मागं त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी होत्या. मिलच्या रीळखात्यात सूत गुंडाळताना वर्षानुवर्षं कापसाचे तंतू छातीत जाऊन त्यांना दमा जडला होता. धाप लागली म्हणून तात्या त्यांना डॉक्टरकडे नेत होते.

"तात्या, टॉवेल घिऊन गाडी आंघोळीला निगाली व्हय?" कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मीही हसलो. मग वहिनी पदर तोंडाशी धरून पायरीवर बसलेल्या दिसल्या. त्यांना टांग्यातून न्यावं लागलं. ते हसू मला अजून टोचतं.

म्हणूनच मी तात्यांबरोबर दुकानं पालथी घालायला लागलो. एक दुकानदार म्हणाला, "ह्यो लावा. गाडी वाघावानी डरकाळी फोडंल."

"मला वाघ न्हाय पाळायचा. धुळीत बंद पडंल का, ते सांग."

शेवटी एक तेलात भिजवायचा जाड स्पंजाचा फिल्टर निघाला. कोरडाच तोंडाला लावून तात्यांनी ओढून पाहिला. पुन्हा ओढला. "ह्योच."

"तात्या, ह्यानं गाडी पळायची नाही," मी म्हणालो.

"न्हाय पळाली तर न्हाय. वाटंत थांबाया नगं, बास. क्लार्कसाहेब, शंका हापिसात ठिवून येत जावा."

फिल्टर बसला. बुलेट संथ, पण न अडखळता चालू लागली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांनी दारातून हाक दिली, "शेवंता, चल. अक्कलकोट रोडला मोकळी हवा खाऊन यिऊ."

"अवो, लोक बगत्यात की."

"बगू दे. तिकीट न्हाय."

वहिनी लाजत मागं बसल्या. आणि माझं लक्ष तात्यांकडे गेलं. ऐन वैशाखात त्यांनी लोकरी कोट चढवला होता, आत दोन सदरे. कपाळावरून घाम ओघळत होता.

"तात्या, कोट कशाला?"

त्यांनी वहिनींकडे पाहिलं, मग माझ्याकडे वाकून आवाज उतरवला. "समोरनं धूळ येती. मी असा काडीवानी. हिला आडोसा पुरत न्हाय."

मग दोन्ही कोपरं बाहेर काढून, होता येईल तेवढे रुंद होऊन, त्यांनी गाडी सोडली.