हवेशीर खोली आणि शांत भाडेकरू

वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांना अख्खं ऑफिस 'साखरे' म्हणायचं. ते त्यांचं आडनाव नव्हतं, करणी होती. कुणी "सायकल विकायचीय, ब्रेक लागत नाही" असं सांगितलं, की हे लिहीत, 'वेगाची आवड असणाऱ्यांसाठी'. जाहिरात छापून आल्या दिवशीच सायकल खपायची.

त्यामुळे गच्चीवरची खोली भाड्याने द्यायची ठरली तेव्हा बायकोने आधीच बजावलं, "अहो, आपली तरी सरळ लिहा. खिडकी लागत नाही, तेही लिहा."

"लिहितो की," म्हणत साखऱ्यांनी लिहिलं, 'हवेशीर'. जिना चढताना पोट आत घ्यावं लागे. तिथे 'व्यायामाची सोय' आली.

रविवारी जाहिरात छापून आली. तिच्या बरोबर खाली दुसरी होती : 'जागा हवी. शांत स्वभावाचे, कलासक्त, माणसांची आवड असलेले गृहस्थ. सामान मोजकेच.'

साखरे चहा विसरले. "काय भाषा आहे बघ! माणूस घरंदाज असणार. दुसऱ्या कुणी पळवायच्या आत फोन करतो."

"आधी बघू तरी त्यांना," बायको म्हणाली.

"बघायचं काय त्यात? छापलंय ना!"

फोनवर पाच मिनिटांत सगळं ठरलं. दुपारी खोली बघायला एक शाळेतल्या बाई आल्या, एकट्या, अगदी सालस. साखऱ्यांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले. सामान खरंच मोजकं होतं : एक वळकटी, एक ट्रंक आणि एक ट्रम्पेट. मागून चार धट्टेकट्टे बाप्ये एक अवाढव्य ढोल घेऊन आले.

"ही आमच्या बँडमधली मंडळी," गृहस्थ हळू आवाजात म्हणाले. "रोज सरावाला येतील."

साखऱ्यांच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत ढोल जिन्यात शिरला आणि मधोमध बुचासारखा बसला. वर बायको कपडे वाळत घालत होती.

"अहो, हे काय आलंय मध्ये? मला खाली यायचंय!"

"ही शुद्ध फसवणूक आहे!" साखरे गरजले. "जाहिरातीत 'शांत' लिहिलं होतं!"

"साहेब, मी कागदावर 'बँडवाला' असंच लिहून आणलं होतं. तुम्हीच खिडकीतून म्हणालात, असं छापलं तर जन्मात खोली मिळायची नाही. मी बोलतो कमी, फुंकतो जास्त, असं सांगितलं, तर तुम्ही 'शांत' लिहिलंत. 'कलासक्त' म्हणजे काय, ते मला अजून कळलेलं नाही."

खिडकीच्या जाळीतून त्यांना माणसांचे चेहरे कधी दिसतच नसत, फक्त मजकूर दिसे; तोही दिवसाला इतका, की आपण लिहिलेला कुठला ते ध्यानात राहत नसे.

ढोल मागे सरकेना. शेवटी चौघांनी खालून रेटा दिला, वरून बायकोने कपड्यांची दोरी सोडून ढोलाला अडकवली आणि ओढ लावली, आणि भिंतीचा गिलावा खरवडत तो गच्चीवर पोहोचला. आता तो खाली आणायचा म्हणजे भिंत पाडावी लागणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. भाडेकरू पक्का झाला.

संध्याकाळी सराव सुरू झाला. पहिल्याच ठोक्याला कपाटातली भांडी नाचली, दुसऱ्याला शेजारीपाजारी दारात जमले. पुढे समोरचे आजोबा, काठी उगारून.

"काय चाललंय काय हे?"

उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच साखऱ्यांना एकही शब्द सुचेना. तेवढ्यात गच्चीच्या कठड्यावरून बायको वाकली.

"या ना! खास आपल्या शेजाऱ्यांसाठी ठेवलंय. फक्त जागा मोजक्याच आहेत हं, आधी येईल त्याला मिळेल."

शेजाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कुणीतरी घाईघाईने चप्पल काढली, आणि पोटं आत घेत सगळी गर्दी जिन्यात घुसली.

साखरे भानावर येऊन वर निघाले, तर सर्वांत खालच्या पायरीवर आजोबा काठी आडवी धरून बसले होते.

"उशीर केलात," मान डोलवत ते म्हणाले. "जागा भरल्या."