परबदादाचं ताट

परबदादा जेवायला बसला की अख्ख्या मजल्याला कळायचं. लालबागच्या आमच्या चाळीत येसूवहिनींची खानावळ होती. आम्ही गिरणीतले सडेफटिंग आत भिंतीला टेकून मुकाट जेवायचो. दादा मात्र ताट घेऊन गॅलरीत, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात बसायचा आणि ओरडायचा, "वयनी, आजून भाकरी वाढ गो. सार पण घाल." इतकं खाऊन माणूस कसा, तर खुंटीला सदरा टांगावा तसा.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्याच्या पोटात गोळी शिरली होती. डॉक्टरांनी लहान आतड्याचा बराचसा भाग कापून उरलेली टोकं जोडली. "महाराष्ट्राचा काय ता होवंदे, माझी आतडी संयुक्त झाली," असं तो सांगायचा. पूर्वी अन्न पोटात वस्तीला राहायचं, आता नुसतं दारावरून जातं, हेही त्याचंच. संडासाच्या रांगेत आम्ही त्याला कायम पुढे सोडायचो आणि वर हसायचो. कशावर हसत होतो, देव जाणे.

आतडं कापलं म्हणून माणूस वाळतो, हे चाळीला पटेना. पोटात गेलं की अंगाला लागणारच, एवढंच आमचं शास्त्र. त्यात कोकणातून आलेला नवा गडी खानावळ निवडताना आधी तिथल्या जेवणाऱ्यांचे गाल बघतो. दादाचे गाल बघून काहीजण आल्या पावली परतले. वहिनी डाळ पाण्याला नुसती दाखवते, अशी कुजबुज सुरू झाली. विधवा बाई, दुसरा आधार नाही. दादा गॅलरीत बसू लागला तो त्याच सुमाराला; आम्हाला वाटलं, वारा खायला. वहिनी बिचाऱ्या हौसेने त्याला जास्तीचं खोबरं वाढायच्या.

एकदा मी त्याच्याबरोबर इस्पितळात गेलो. दादा पोटभर जेवतो हे ऐकून डॉक्टर भडकले. थोडं थोडं, मऊ, बिनतेलाचं, पुन्हा पुन्हा खा, असं बजावलं होतं ना? उरलेलं आतडं जेमतेम घासभर शोषतं; वरून लोंढा ओतला तर तेवढंही वाहून जातं. असंच चाललं तर भरल्या ताटावर उपाशी मराल, म्हणाले.

बाहेर आल्यावर मला राग आवरेना. मग कशाला गिळतोस, मी विचारलं. दादा फुटपाथवर टेकला.

"माझ्या हाडांवरसून लोका वयनीची खानावळ जोखतत. ताट दिसला तर तिचा नाव तरी ऱ्हवात. तिका सांगा नको."

दुसऱ्या दिवसापासून मीही गॅलरीत बसलो. वहिनी आत वळल्या की त्याच्या ताटातलं बरंचसं माझ्या ताटात यायचं. दादा मऊ भाताचे चार घास चघळायचा, ओरडायचा मात्र पूर्वीसारखाच. मग हळूच म्हणायचा, "सावकाश खा रे. तुझ्या तरी अंगाक लागांदे."

पण फार उशीर झाला होता. राज्य होण्याआधीच दादा गेला.

पुढे कोकणातून एक नवा गडी आला. खानावळीच्या दारात उभं राहून त्याने माझे गुबगुबीत गाल नीट न्याहाळले आणि वहिनींना विचारलं, आणखी एक माणूस घ्याल का. माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. तो मी सावकाश चावत राहिलो.