बंद घरांची हजेरी

शामराव हवालदार रोज सकाळी सात वाजता कुलपांची हजेरी घ्यायचे. पायात फौजेतले बूट, डोक्याला पटका, हातात वेताची छडी. बंद दारापुढं उभं राहायचं, कुलूप दोनदा ओढून बघायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "हाय!" मग पुढचं दार. आमच्या गल्लीत तेव्हा अकरा घरं बंद होती, त्यामुळं हे "हाय" अकरा वेळा ऐकू यायचं.

विट्यात बंद घरांचं कुणाला नवल नाही. सोनं-चांदी गाळायची दुकानं घालून इथली माणसं देशभर पांगलेली. बाप कोचीनला, चुलता कलकत्त्याला आणि घराला कुलूप. मी नगरपालिकेत घरपट्टीचा कारकून होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतरची तीन-चार वर्षं असतील. घर सलग तीन महिने बंद राहणार असेल आणि तसं आधी लेखी कळवलं, तर तेवढ्या मुदतीच्या घरपट्टीत सूट मिळायची. हा नियम दोघांनाच पाठ होता. एक मी. दुसरे हवालदार, आणि ते नगरपालिकेत नोकरीला नव्हते.

फौजेत असताना रजेवर यायला रेल्वेचा पास फुकट मिळतो, हे त्यांना सात वर्षांनी कळलं म्हणे. सात वर्षं ते तिकीट काढून घरी येत होते. "तवापास्नं ठरावलं," ते सांगायचे, "छापलेलं काय बी न वाचता सोडायचं न्हाई." मग कुणी कराची नोटीस आणली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पॅरा काय म्हंतो?"

बंद घरांच्या मालकांच्या वतीनं अर्ज तेच लिहायचे. कोचीनला पोस्टानं सहीला पाठवायचे, आले की माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. पण लबाडी चालायची नाही. एकदा एका बंद घराच्या सोप्यात शेजाऱ्यानं कडबा रचला. हवालदार स्वतः कचेरीत आले.

"सायब, चार नंबरची सूट रद करा."

"अहो, पण अर्ज तुम्हीच केलाय ना?"

"व्हय. तवा घर रिकामं हुतं. आता कडबा हाय. पॅरा काय म्हंतो?"

मी सूट रद्द केली. शेजाऱ्यानं वर्षभर त्यांना रामराम घातला नाही.

चांदबी बांगडीवालीचं काम मात्र गावभर गाजलं. तिच्या घरात पुढच्या एका खोलीत दुकान, मागं राहणं. आकारणी झाली होती सगळं घर दुकान धरून, म्हणजे पट्टी जास्तीची. हवालदारांनी घर पावलांनी मोजलं. फौजेतलं पाऊल तीस इंचांचं, त्यात कमीजास्त होत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमचा ओव्हरसियर फीत घेऊन गेला, तर हवालदार त्याच्या मागनं "लेफ्ट, राइट" करत चालले. दोन्ही मापांत चार बोटांचा फरक निघाला. चांदबीची पट्टी उतरली, आणि हवालदारांनी ओव्हरसियरला फीत नवी घ्यायला सांगितलं.

एका प्राथमिक शिक्षकांना कुणीतरी सांगितलं होतं की विम्याच्या हप्त्यावर आयकरात सूट मिळते. ते पावत्या घेऊन हवालदारांच्या घरापुढच्या कट्ट्यावर आले. हवालदारांनी कागदावर आकडेमोड केली, पुन्हा केली, आणि चष्मा काढला.

"गुरुजी, सूट मिळायला आदी कर लागावा लागतो. तुमचा पगार तितवर पोचतच न्हाई."

गुरुजींना हे चार माणसांत ऐकायचं नव्हतं. पावत्या गोळा करून ते तडक निघून गेले. हवालदारांना मात्र कळेना. "आवं, चांगली बातमी दिली की मी," ते मला म्हणाले.

अशा माणसाविरुद्ध एक दिवस निनावी अर्ज आला. हवालदार सूट मिळवून देण्यासाठी मालकांकडून कमिशन घेतात, असा. मुख्याधिकाऱ्यांनी चौकशीला मला पाठवलं. मी संकोचतच गेलो. ते सोप्यात बसून अर्ज लिहीत होते. मी विचारलं, "हवालदार, रागावू नका. या कामाचं तुम्ही काही घेता का?"

"घेतो की," ते म्हणाले.

त्यांनी आतून पत्र्याची पेटी आणली. पेटीत पोस्टकार्डं होती. कोचीन, कलकत्ता, मद्रास, नागपूर. सूट मंजूर झाली की मालकानं वर्षातनं एक कार्ड टाकायचं आणि गावाला कधी येणार ते लिहायचं, एवढीच त्यांची अट. पोस्टाच्या तिकिटांचा खर्चसुद्धा ते पेन्शनीतून करत होते.

"तुम्हाला काय करायचंय ते कधी येणार याच्याशी?"

"कुलपात तेल सोडावं लागतं न्हवं. न्हाईतर येत्यात आन दारात उबी ऱ्हात्यात."

चौकशी तिथंच संपली. उठता उठता माझं लक्ष माडीकडं गेलं. वरचे दोन खण त्यांनी फौजेतून सुटल्यावर मिळालेल्या पैशातून मुलासाठी बांधले होते. मुलगा सेलमला, गलाईच्या दुकानात. सून, दोन नातवंडं तिकडंच. चार वर्षांत कुणी आलं नव्हतं, हे गल्लीला माहीत होतं. त्या माडीची पट्टी हवालदार दर साली पूर्ण भरत होते, हे माझ्या रजिस्टरला माहीत होतं.

"हवालदार, माडीचा अर्ज का करत नाही? सूट बसते तिला."

"वर चला," ते म्हणाले.

खोली झाडलेली होती. खाटेवर धुतलेली चादर, कोनाड्यात दोन लहान पाट्या, कोपऱ्यात पाण्यानं भरलेलं मडकं. मी मडक्याकडं बघतोय हे त्यांनी पाहिलं.

"रोजचं पाणी बदलतो. लांबनं येणारं माणूस, आदी पाणीच मागतंय."

कोरा फॉर्म माझ्या पिशवीत होता. मी तो पुढं केला. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्यानंच पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. 'सदर जागेत कोणीही राहत नाही' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी फॉर्मची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"ह्ये मला लिवता येत न्हाई, सायब."

मी पिशवी उचलली. मला कचेरीत अहवाल द्यायचा होता, आणि खरं सांगायचं तर तिथं थांबवत नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी गेलो, तेव्हा मागून हवालदार म्हणाले, "च्या घिऊन जावा की."

"खाली घेऊ."

"न्हाई, हितंच आणतो. बसा वाईच." त्यांनी खाटेवरची चादर हातानं सारखी केली, मग एका बाजूनं थोडी मागं सारून मला जागा केली. "आमची कारभारीण वारल्यापास्नं वर कुणी बसलंच न्हाई."

मी बसलो. ते एकेक पायरी जपून उतरत चहा करायला खाली गेले.