चूलबंद उद्घाटन

"डोंगरालासुद्धा मी दगड विकून दाखवीन!"

हे वाक्य मी शहाण्णव साली, नगरला दिल्ली गेटजवळ घेतलेल्या माझ्या नव्या ऑफिसात, बायकोला ऐकवलं होतं. दीपा तेव्हा ऑफिसातली एकुलती एक खुर्ची पुसत होती. ती म्हणाली, "आधी कुणी दगड घेऊन येऊ तर द्या."

मी पुण्याहून टपालाने जनसंपर्काचा कोर्स केला होता. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली माझं सर्टिफिकेट लावलं होतं. वडील नागापूरच्या एका कारखान्यात फिटर होते आणि मलाही तिथेच चिकटवायच्या विचारात होते. मी म्हणालो, बाबा, यापुढचा जमाना मशीनचा नाही, माणसांच्या मनाचा आहे. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि आईला सांगितलं, "याला ताप आहे का बघ." कुणी विचारलंच की मुलगा काय करतो, तर ते सांगायचे, "लोकांना भेटतो." त्यापुढे त्यांनाही काही सांगता यायचं नाही.

दारावर मोठी पाटी लावली : 'भीमराज गायकवाड, जनसंपर्क कार्यालय'. इथेच पहिली माती खाल्ली. आपल्याकडे जनसंपर्क कार्यालय आमदारांचं असतं, हे माझ्या कोर्समध्ये कुठेच नव्हतं. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे रेशन कार्डवाले आले, गटारवाले आले, बदलीवाले एक मास्तर आले. सगळे बाकावर बसायचे, पाणी प्यायचे आणि विचारायचे, "साहेब कधी येनार?" मीच साहेब म्हटलं की उठून जायचे.

गनीभाई शेख तसेच आले. पारनेर तालुक्यातलं एक गाव, नाव सांगत नाही, तिथले लोक अजून मला ओळखतात. गनीभाई तिथून नगरला कांद्याचा टेम्पो चालवायचे. त्यांना लेकीच्या दुकानाला विजेचं मीटर हवं होतं. मी आमदार नाही हे कळल्यावरसुद्धा ते उठले नाहीत. बहुतेक दमले होते.

"मग तुमी करता काय?" त्यांनी विचारलं.

"मी लोकांना दुकानापर्यंत आणतो."

गनीभाई एकदम सरळ बसले. "आनता? खरंच आनता?"

मग त्यांनी सांगितलं. लेक अर्शी सासरहून कायमची परत आली होती. तिकडे तिचे हाल झाले म्हणून गनीभाईंनी स्वतः टेम्पो नेऊन तिला घरी आणलं होतं. तेव्हापासून पोरगी घराबाहेर पडेना. गावातल्या बाया दारावरून जाताना आवाज बारीक करायच्या, ते तिला आत ऐकू यायचं. शिवण मात्र असं की बघत राहावं. म्हणून गनीभाईंनी ओट्यावर दुकान बांधलं होतं, मशीन आणलं होतं. पण गावातल्या बाया ब्लाउज शिवायला पारनेरला जायच्या, हिच्याकडे कुणी येईना.

"धंदा न्हाई झाला तरी चालंल, साहेब," ते म्हणाले. "पन बायांनी तिच्या दारात यावं. पोरगी कुनाशी तरी चार शब्द बोलावी. घरात नुसती मशीन बोलती."

मला गलबलून आलं. मी त्यांचा हात धरून म्हणालो, "गनीभाई, सगळं गाव तुमच्या दारात उभं करतो."

देव कुणाकुणाचं ऐकतो, सांगता येत नाही. माझं त्या दिवशी शब्दशः ऐकलं.

कामाला लागलो. माझी पहिली योजना रिक्षा आणि भोंगा ही होती. गनीभाईंनी कानाला हात लावले. म्हणाले, "आमच्याकडं भोंगा वाजला की मानसं इचारत्यात, कोन गेलं?" दुसरी योजना केबलवर पिक्चरच्या खाली पट्टी फिरवायची. गावात केबल आलेली नव्हती. मग मी कोर्सचं पुस्तक मिटलं आणि विचारलं, "गावात बातमी पोचवतं कोण?"

"छबूबाई," गनीभाई म्हणाले.

छबूबाई म्हणजे गावाची बोलावणारी. लग्न असो, बारसं असो, जावळ असो, घरोघर जाऊन सांगायचं काम तिचं. कमरेला पिशवी, हातात कुंकवाची कोयरी, आणि आवाज असा की एका घरात सांगितलं तरी पुढची घरं ऐकून मोकळी. मी तिला भेटलो आणि खूश झालो. म्हटलं, हेच आपलं माध्यम! मी तिला माझं व्हिजिटिंग कार्डसुद्धा दिलं. तिनं ते उलटसुलट बघून पिशवीतल्या सुपारीला गुंडाळलं.

"कसं सांगू?" तिनं विचारलं.

"लग्नाचं सांगता ना, तसंच. तसाच मान देऊन, कुंकू लावून."

"घरटी एक मानूस, का सगळं घर?"

"सगळं घर. म्हातारी, लेकरं, कुणी मागे राहता कामा नये."

"आनि वकुत?"

"दुपारी बारा. माणसं शेतातून परत आलेली असतात." या शास्त्रशुद्ध वेळेबद्दल मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

छबूबाईनं माझ्याकडे जरा नव्या नजरेनं पाहिलं. "लई मोठ्या मनाचा हायेस रं बाबा," ती म्हणाली. कौतुक ऐकून मी काही विचारलं नाही. कौतुक ऐकल्यावर माणसाने लगेच काहीतरी विचारावं, हे तेव्हापासून शिकलो.

उद्घाटनाच्या दिवशी मी आणि दीपा सकाळीच पोचलो. बरोबर पेढ्यांचा एक खोका, लाल फीत आणि माझं भाषण. ओट्यावरचं दुकान सुरेख सजलं होतं. अर्शी आत मशीनमागे बसली होती, ओढणी डोक्यावरून अगदी कपाळापर्यंत. मी म्हणालो, "ताई, आज गर्दी होणार बरं का." तिनं मान हलवली. होकार की नकार, काही कळलं नाही.

बाराच्या आधीच एक आजोबा आले. हातात लख्ख घासलेलं पितळी ताट आणि तांब्या. मला भरून आलं. गरीब माणूस, पण रिकाम्या हाताने आला नाही. मी पुढे झालो, "कशाला त्रास घेतलात," म्हणून ताट-तांब्या त्यांच्या हातातून घेतला आणि आत टेबलावर मांडला. आजोबा रिकाम्या हातांकडे बघत राहिले. मग एक बाई आली, तिच्याकडे तीन ताटं. तीही घेतली. मग एक अख्खं कुटुंब आलं, स्टीलची ताटं घेऊन. मी दीपाला म्हणालो, "बघ, केवढा आहेर! पहिल्याच कामात."

माणसं येतच राहिली. वेशीकडून येत होती, मळ्यातून येत होती. एक म्हातारी तर नातवाच्या पाठुंगळी आली. सगळी येऊन अंगणात रांगेनं मांडी घालून बसली. माझ्या कोर्समध्ये इतकी शिस्तबद्ध गिऱ्हाइकं नव्हती. मी फितीजवळ उभा राहून भाषण सुरू केलं, "ग्राहक हा आपला राजा..." समोरचा एक राजा वय वर्षं चार, तो आईला म्हणाला, "आये, वाढत का न्हाईत?"

दीपा बायकांत बसली होती. ती उठून माझ्याजवळ आली. चेहरा पांढराफटक.

"अहो, भाषण थांबवा. हे जेवायला आलेत."

"कोण?"

"सगळे. छबूबाईंनी चूलबंद सांगितलंय."

आता शहरातल्यांसाठी सांगतो. गावात घरटी एका माणसाला सांगितलं, तर ते नुसतं बोलावणं. सगळ्या घराला सांगितलं, की त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, सगळ्यांनी तुमच्याकडे जेवायचं. गावजेवणाला ताट-तांब्या आपापला आणायचा. आणि मी तर, सगळ्या घराला, म्हातारीसकट, लेकरांसकट, भर जेवणाच्या वेळेला! वर त्यांची ताटं काढून घेऊन आत टेबलावर मांडलेली.

मी छबूबाईला गाठलं. ती म्हणाली, "तूच म्हनला ना, लग्नावानी सांग? नुसतं दुकान बघाया या, असं मी कुनाच्या दारात सांगू? मला काय तोंड हाय का न्हाई?"

गनीभाई टेम्पोच्या फळीवर मटकन बसले. "साहेब," ते हळूच म्हणाले, "मानसं उपाशी माघारी गेली, तर माझ्या पोरीच्या दारात पुन्हा कुनी जन्मात येनार न्हाई." माझ्याकडे एक पेढ्यांचा खोका होता. त्या माणसाकडे बघून मला त्या क्षणी खरंच रडू आलं. मी म्हणालो, "मी त्यांना खरं काय ते सांगतो, माझी चूक झाली म्हणून."

"सांगू नका."

हा आवाज कुणाचा म्हणून मी वळलो. दुकानाच्या दारात अर्शी उभी होती.

"अब्बा, टेम्पोत काय आहे?"

गनीभाई तिच्याकडे बघतच राहिले. "कांदं हायेत, बेटा. आपलंच हायेत."

"घरात बेसन आहे. पिठलं होईल." मग ती अंगणातल्या बायांकडे वळली. ओढणी मागे सरकली होती, तिच्या लक्षातही नव्हतं. "मावशी, उशीर झाला, आमचं चुकलं. पण भाकऱ्या थापायला तुमचे हात लागतील."

पुढच्या रांगेतली बनुबाई उठली. कपाळाला बुक्का, गळ्यात माळ, गावात तिच्या शब्दाला वजन. "मी माळकरी हाय, पोरी," ती म्हणाली. "मी दुसऱ्याच्या हातचं खात न्हाई."



"मग तुम्हीच करा ना," अर्शी म्हणाली. "मी कांदा चिरून देते."

बनुबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पदर खोचला. "तीन दगडं आना रं. आनि बायांनो, बसल्यात काय? घरचं पीठ आना. चूल बंद हाय, पिठाचा डबा न्हाई बंद."

मग जे काही सुरू झालं, त्यात माझं काही चाललं नाही. चुली मांडल्या, पीठ आलं, कुणाचा ठेचा आला, कुणी ताकाची घागर आणली. भाकरी ठेवायला कापड नव्हतं, तर अर्शीनं दुकानातला नवा कोरा मांजरपाट काढला आणि फीत कापायला आणलेल्या कात्रीनं सरळ कापला. माझी लाल फीत कुणीतरी एका पोरीच्या वेणीला बांधली. मी भाषणाचा कागद शोधत होतो, तो बनुबाईच्या चुलीत गेला होता.

"तू काय उभा?" बनुबाई मला म्हणाली. "बस भाकरी थापाया."

मी बसलो. माझी पहिली भाकरी परातीला चिकटली. दुसरीला कोपरे आले. तिसरी तव्यावर टाकताना निम्मी चुलीत गेली आणि निम्मी माझ्या पॅंटवर. बायांनी आधी पदर तोंडाला लावले, मग सोडूनच दिलं. आणि त्या सगळ्या हसण्यात एक हसणं नवीन होतं. अर्शी कांदा चिरता चिरता हसत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. कांद्याचं की कशाचं, कोण जाणे. गनीभाई टेम्पोच्या मागे गेले. मीही गेलो, तर ते टायरला टेकून उपरण्यानं तोंड पुसत होते. "हसली हो," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. मी त्यांच्या शेजारी पीठ लागलेल्या हातांनी उभा राहिलो.

गाव जेवलं. बनुबाईनं सगळ्यांत शेवटी, आपल्या हातचं, अर्शीला शेजारी घेऊन खाल्लं. जेवताना तिच्या बाहीला हात लावून म्हणाली, "ही कुनी शिवली?"

"मीच."

"बरी शिवतीस की." त्या गावात याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

दुकान चाललं, पण ते जेवणानं नाही, ताटांनी चाललं. मी आहेर समजून गोळा केलेली आणि नंतर एकत्र घासलेली सगळी ताटं दुकानात पडून होती. संध्याकाळी गर्दीत कुणाचं ताट कुणाला, काही मेळ बसेना. आपल्याकडे ताटावर नाव कोरलेलं असतं. मग दुसऱ्या दिवसापासून एकेक बाई ताट शोधायला अर्शीच्या दारात. अर्शी नावं वाचायची, "मुक्ताबाई म्हणजे तुम्हीच का?" ताट सापडेपर्यंत बसायचं, बसल्यावर बोलायचं. पुढच्या वेळी ताटाऐवजी काखेत ब्लाउजपीस असायचं. काही बाया तर ताट मिळाल्यावरही ताट शोधायला येत होत्या. त्याच गर्दीकडे बोट दाखवून गनीभाईंनी मीटरही मिळवलं.

मी नगरमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो की ही ताटांची योजना माझीच. दीपा तेव्हा फक्त माझ्या त्या पॅंटकडे बघायची.

वर्षाच्या आतच गनीभाई ऑफिसात आले. बाकावर रेशन कार्डवाले बसलेलेच होते. त्यांनी पिशवीतून एक नवं कोरं ताट काढलं. म्हणाले, "पोरीनं पाठवलंय. दुकान चाललंय, ती पारनेरला एकटी कापड आनाया जाती आता. म्हनली, साहेबांना सांगा, गावात तुमचं एक ताट कायम. कुठंबी जेवान असलं की घेऊन यायचं."

जनसंपर्काच्या अख्ख्या कारकिर्दीत समाजाने मला दिलेली ही एकमेव पावती. सर्टिफिकेट काढून तिथे ताट टांगायचं, असं मी तिथल्या तिथे ठरवलं. दीपानं ताट हातात घेऊन उजेडाकडे धरलं, कडेला कोरलेलं नाव वाचलं आणि खुर्चीत बसून पोट धरून हसायला लागली.

ताटावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं : 'भीमराज साहेब, भाकरीवाले.'

ताट भिंतीवर काही गेलं नाही. आमच्याकडे दीपा त्यात कणीक मळते.