जगन जादूगार आणि शांतामावशींची बादली

"आज फक्त माझ्याकडे बघा!" बाह्या सरसावत जगनने जाहीर केलं. "राक्षस जाईल, पूल जाईल, वेळ पडली तर अख्खा डोंगर जाईल!"

रविवारची दुपार होती. वर्तकनगरातल्या कुंडलिकच्या खोलीत मंडळी जमलेली. कुंडलिकचा मोठा भाऊ बोटीवर नोकरीला. त्याने परदेशातून एक अजब खेळ आणलेला. जाडजूड पुस्तकं आणि चार, आठ, वीस बाजूंचे फासे! कुंडलिकने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. शिवराम तलवारबहाद्दर, नीला कुलूपं उघडणारी चोर आणि जगन जादूगार. आठवडाभर वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात खोक्यांत स्क्रू भरणारा माणूस रविवारी बोटांतून जाळ काढायचा!

पण आजचा रविवार शेवटचा होता. नीलाचं लग्न ठरलेलं. लग्न झालं की ती नागपूरला जाणार. राक्षसांनी कोंडून ठेवलेल्या गावकऱ्यांना सोडवायचं, ही वर्षभर चाललेली मोहीम आज पुरी झाली नाही, तर कधीच होणार नव्हती.

"मंत्र तीनच आहेत हां," कुंडलिकने बजावलं. "आग, झोप आणि आवाज. एकदा वापरला की संपला. आणि कायम मागे उभा राहा. तुझ्या जादूगाराच्या अंगात ओल्या पापडाएवढी ताकद आहे."

"अरे, पुस्तक पाठ केलंय मी! तू गोष्ट चालू कर."

"तुम्ही गुहेत शिरता. गच्च काळोख. पुढे काहीतरी खुडबुडतंय..."

"आग!" जगन उडी मारून सगळ्यांच्या पुढे.

"अरे, काय आहे ते तरी विचार!" नीला ओरडली.

"आग म्हणजे आग!"

कुंडलिकने मूठभर फासे टाकले. मान हलवली. "उंदीर होते. मेले."

"शाब्बास रे मी!"

"गुहा बंदिस्त होती. जाळ उलटा फिरला. दोर जळाला, नकाशा जळाला आणि शिवराम पेटला."

शिवराम एकदा भूमिकेत शिरला की बाहेर यायचा नाही. त्यात त्याचा आवाज म्हणजे कंपनीचा भोंगा! "आग लागली! मेलो! अरे, पाणी आणा, पाणी!"

धाडकन दार उघडलं. दारात शेजारच्या शांतामावशी. पदर खोचलेला, हातात काठोकाठ भरलेली बादली. कुणी तोंड उघडायच्या आत सपकन बादली रिकामी झाली! फासे पोहायला लागले. कुंडलिकने काढलेली गुहेची चित्रं निळ्या शाईचा ओघळ होऊन चादरीवर उतरली.

"कुठंय? कुठं लागली आग?"

"गुहेत लागली, मावशी," जगन ठिबकत म्हणाला.

"कसली गुहा?"

"राक्षसांची."

"आणि जळालं कोण?"

"मी," चिंब भिजलेला शिवराम म्हणाला.

मावशींनी त्याच्या कपाळाला हात लावून बघितला. मग कुंडलिकने टॉवेल शोधता शोधता सगळा खेळ समजावून सांगितला. मावशी आता चिडणार, घरी सांगणार, असं जगनला वाटलं. मावशी चिडल्या नाहीत. दिवाणावर बसल्या आणि काळजीने म्हणाल्या, "म्हणजे ती गावातली माणसं अजून कोंडलेलीच?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. वर्षभरात त्या माणसांची एवढी काळजी कुणीच केलेली नव्हती.

कुंडलिकचा आवाज आपोआप खाली आला. "समोर अरुंद पूल. पुलावर राक्षसांचा सरदार आणि सगळी फौज. पलीकडे दगडी तुरुंग. आतून पोरांचं रडणं ऐकू येतंय."

"अगं बाई!" मावशींचा हात तोंडावर गेला.

"झोप!" म्हणायला जगनने हात उचलला. मावशींनी तो वरच्यावर पकडला. "थांब रे! मघाशी काय झालं बघितलंस ना!"

जगन थांबला. खेळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच त्याने प्रश्न विचारला. "कुंडलिक, माझा मंत्र सरदाराला लागेल?"

"त्याला जांभईसुद्धा येणार नाही."

"त्यांच्या मागे काय आहे?"

"त्यांची छावणी. लाकडी झोपड्या, वाळलेलं गवत."

जगनने रिकाम्या बादलीकडे बघितलं. मग ओल्या शिवरामकडे. मग मावशींकडे. नुसता आवाज ऐकून बाई भिंतीपलीकडून धावत आल्या होत्या!

"मी शिवरामच्या मागे लपतो," तो हळूच म्हणाला. "आवाजाचा मंत्र टाकतो. राक्षसाचा आवाज, त्यांच्याच छावणीतून. आग लागली! पाणी आणा!"

कुंडलिकने वीस बाजूंचा फासा उचलला. "मोठा आकडा पडला, तर सरदाराला फसवणूक कळेल." ओला फासा हातातून निसटला आणि घरंगळत दिवाणाखाली गेला. चौघंही पोटावर आडवे. मावशीसुद्धा!

"एक!" मावशीच ओरडल्या. "एक पडलाय!"

कुंडलिक सांगायला लागला. सरदार मागे फिरला. फौज फिरली. शिरस्त्राणांत पाणी भरून राक्षस छावणीकडे पळत सुटले. पूल रिकामा! जगनच्या अंगावर काटा आला. तो एकच वाक्य बोलला होता, आणि त्या ओल्या खोलीत त्याला खरोखर ती फौज पळताना दिसत होती. तुरुंगावर दोन पहारेकरी उरलेले. त्यांना त्याने कुंडलिकला विचारून, मोजूनमापून झोप दिली. नीलाने कुलूप उघडलं. माणसं उजेडात आली. एका म्हातारीने नीलाच्या गालावरून हात फिरवला, असं कुंडलिकने सांगितलं आणि नीलाचे डोळे भरले.

"जगन," शेवटी कुंडलिक म्हणाला, "आज तू जादूगार झालास."

जगनची छाती अशी फुगली की ओल्या शर्टाचं बटण तुटायला आलं. मोठ्या मनाने तो मावशींकडे वळला. "मावशी, नीला गेल्यावर एक जागा रिकामी होणार. नवीन मोहिमेत तुम्ही या. आणि माझं जादूगाराचं पद तुम्हाला! सगळे डावपेच मी स्वतः शिकवीन."

मावशींनी पदर पिळत थोडा विचार केला.

"जादूगार नको रे बाबा. सारखं कुणाच्या तरी मागे लपायचं! त्यापेक्षा मला तलवार दे. मोठी असली तर बघ."