शिरवलीचा पुरवठा

शिरवलीत श्रद्धा नळाने येते, आणि त्या मार्गशीर्षात मुख्य वाहिनी फुटल्यामुळे ती आठवडाभर बंद ठेवावी लागली. टाकी साऱ्या गावाला एकच. पाइप घरात शिरला की जो तो तिला आपापलं नाव देई.

नगरपालिकेच्या पुरवठा अभियंता हेमलता डिंगणकर यांचा घोर वाढला.

"पाप लागेल असं आता कुणाला वाटायचंच नाही, साहेब," त्या मुख्याधिकाऱ्यांना म्हणाल्या.

"म्हणून तर जादा पोलीस मागवलेत," शेवडेसाहेब म्हणाले.

पहिल्या दिवशी लोकांनी दारांना दोन-दोन कुलपं घातली. दुधाकडे संशयाने पाहिलं. त्यात नेहमीइतकंच पाणी होतं.

मग एका दुपारी दुरुस्तीच्या चराची कड ढासळली आणि फिटर याकूब मोमीन छातीपर्यंत मातीत गेला. हेमलताबाई धावत पोचल्या तेव्हा त्याचा शेजारी दामोदर खोत खाली उतरून हातांनी माती उपसत होता. खोताचं आणि याकूबचं सामायिक भिंतीवरून भांडण होतं. वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. मागोमाग गल्लीतली माणसं घमेली, परातीसुद्धा घेऊन उतरली. तास गेला, पण याकूब बाहेर निघाला. त्याला खाटेवर निजवून कुणीतरी चहा पाजला.

 हेमलताबाईंनी खोताला गाठलं.

"पुरवठा बंद असताना तुम्ही खाली उतरलात. का?"

"माणूस आत होता, बाई."

"ते झालं. मला कारण कळवायचंय."

"मग तेच कळवा."

खाटेवरून याकूब क्षीण आवाजात म्हणाला, "दामूशेठ, आता भिंतीचं काय?"

"भिंत माझ्याच हद्दीत आहे," खोत म्हणाला आणि त्याच्या अंगावर घोंगडी नीट सारली.

आठवडाभरात तक्रार आली ती एकच. अनसूयाबाई पेंढरकर काठी टेकत कार्यालयात आल्या.

"कुणाशी वाईट वागले नाही गं मी," त्या म्हणाल्या. "पण सकाळी फुलं काढली आणि कुणाला वाहायची तेच कळेना. हातातच सुकली. कधी येणार?"

हेमलताबाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः शेजारी बसून राहिल्या. 

नंतर शेवडेसाहेबांनी विचारलं, "म्हणजे श्रद्धा अत्यावश्यक सेवेतून काढायची म्हणता?"

"काढा. पण तोडू नका. मागेल त्याला मिळू दे."

"आणि पोलीस?"

"ते कंटाळलेत, साहेब. परत पाठवा."

तसा ठराव बिनविरोध झाला. संध्याकाळी वाहिनी सुरू झाली. दाब कमी होता. हेमलताबाईंनी घरच्या नळाखाली ओंजळ धरली, भरली तेवढी घेतली, नळ बंद केला आणि मेथी निवडायला बसल्या.